थोडं पातळ कर

तेरा वर्षांच्या संसारात माझ्या सासऱ्यांनी माझ्या हातच्या एकाच पदार्थाला चांगलं म्हटलं, आणि त्या चांगल्याचा अर्थ मला तीन महिने कळला नाही.

आम्ही नल्लकुंट्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी, नवरा, आमची मुलगी आणि तेव्हा मामंजी. सासऱ्यांना मामंजी म्हणणं आता फारसं ऐकू येत नाही, पण आमच्या नात्यात अजून चालतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी मूळचे बिदरकडच्या शेतकरी घरातले. शिकायला म्हणून हैदराबादला आले, सरकारी नोकरीला लागले आणि इथलेच झाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही जिना चढताना कठड्याला हात लावत नसत. दात सगळे शाबूत. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. भात म्हणजे त्यांच्या लेखी आजारी माणसाचं खाणं.

सॉस सुरू झाला तो मुलीमुळे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि एकही भाजी तोंडात घेत नव्हती. ताटात भेंडी दिसली की डोळ्यांत पाणी. माझं ऑफिस कुकटपल्लीला. बस आणि मेट्रो मिळून सव्वा तास. घरी पोचायला सात वाजायचे, आणि त्यानंतर तिच्याशी भांडायचं त्राण माझ्यात उरत नसे. पास्ता मात्र ती कधीही खाई. तेव्हा ऑफिसातल्या एकीने सांगितलं, सगळ्या भाज्या टमाट्यात लपव. लाल रंगात काहीही लपतं.

मग मी तेच करू लागले. आठ-दहा पिकलेले टमाटे, एक गाजर, लाल भोपळ्याची फोड, सोललेल्या दुधीचा वीतभर तुकडा, अर्धी ढोबळी मिरची, एक कांदा, आणि रंग यावा म्हणून बीटाची एक चकती. सगळं हवं तसं वेडंवाकडं चिरून, वाटीभर पाणी घालून कुकरला दोन शिट्ट्या. वाफ जिरायची वाट बघायला वेळ नसे, कुकर सरळ नळाखाली धरायचा. मग मिक्सर. कढईत तेलावर ठेचलेला लसूण लाल झाला की हे सगळं त्यात ओतायचं. मीठ, चिमूटभर साखर, मिरपूड, आणि पिझ्झाबरोबर येणाऱ्या, फ्रिजच्या दारात साठलेल्या पुड्यांमधला ओरेगॅनो. आटताना सॉस फटफट उडतो. ओटा, भिंत, माझा ऑफिसचा कुर्ता, सगळ्यावर लाल शिंतोडे. पण पंचवीस मिनिटांत काम होई, आणि त्यात दुधी कुठे आहे हे मलाही सांगता आलं नसतं.

मुलीने पहिल्याच दिवशी ताटली चाटून पुसून स्वच्छ केली. मामंजींनी कढईत डोकावून पाहिलं.

"हे काय, टमाट्याचं सार?"

"सॉस आहे मामंजी. पोरीसाठी."

"असू दे," ते म्हणाले, आणि आपल्या भाकरीकडे वळले.

त्यानंतर दीडएक महिन्याने, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, मी कामावरून येऊन सॉस करत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ते लाल केलंयस, ते मला वाढ थोडं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुम्हाला?"

"हौ. भातावर."

मी वाढलं. त्यांनी चमच्याने सावकाश कालवलं, सावकाश खाल्लं. नवरा माझ्याकडे बघून भुवया उंचावत होता. ताट संपलं तेव्हा मामंजी म्हणाले, "चांगलं झालंय."

हे सांगताना मला आज लाज वाटते, पण त्या दिवशी मी नांदेडला आईला फोन करून सांगितलं. भाकरी थापायला मी लग्नानंतर शिकले. माझी भाकरी त्यांनी तेरा वर्षं मुकाट्याने खाल्ली होती, तिला चांगलं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, "वय झालं की जीभ बदलते गं. करत जा त्यांना." मी करत गेले. आठवड्यातून एकदा होणारा सॉस तीनदा होऊ लागला, मग एक दिवसाआड. भाजीबाजारातली बाई मला बघितलं की न विचारता दुधी तराजूत टाकू लागली. स्टीलचा मोठा डबा भरून मी फ्रिजमध्ये ठेवी. दुपारी घरी मामंजी एकटेच असत. मी सकाळी त्यांच्यासाठी दोन भाकऱ्या आणि भाजी झाकून जाई, ते सॉस गरम करून घेत. संध्याकाळी भाकरीचं ताट धुवून पालथं घातलेलं असे. मला वाटे, भाकरी तर खातातच, वर माझ्या हातचा सॉसही खातात.

मग एकदा म्हणाले, "जरा दाट झालंय. थोडं पातळ कर."

फ्रिजमध्ये राहून आळत असेल म्हणून मी गरम करताना पाणी घातलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "अजून थोडं." मग भात जरा मऊ हवा. मग भातात तूप जास्त. संध्याकाळी ते आमच्याबरोबर भाकरी घेईनासे झाले, दुपारचं ताट मात्र रिकामंच दिसे. विचारलं तर म्हणाले, दाढ ठणकते. नवरा त्यांना दिलसुखनगरला ओळखीच्या डेंटिस्टकडे घेऊन गेला. डेंटिस्टने तोंडात दिवा धरून पाहिलं आणि हसत म्हणाला, "अंकल, ऐसे दाँत तो मेरे भी नहीं हैं." ही गोष्ट नवऱ्याने घरी येऊन दोनदा सांगितली. आम्ही हसलो. मुलगीही हसली. मामंजी आत जाऊन हात-पाय धूत होते.

त्या उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरू लागलं. एकदा ते चांभाराकडून पट्ट्याला नवीन भोक पाडून आले. मी म्हटलं, "मामंजी, वाळलात तुम्ही." ते म्हणाले, "ऊन किती आहे." नवराही तेच म्हणाला. ऊन होतंच. उगादीच्या आधीच डांबर पायाला चिकटत होतं. आणि ते आमच्या आधी, साडेसहालाच जेवायला बसू लागले. मी घरी पोचेपर्यंत त्यांचं आटोपलेलं असे. मला लवकर भूक लागते, म्हणायचे. ते जेवताना मी त्यांना पाहिलं नाही असे किती दिवस गेले, हे मी नंतर मोजायला बसले आणि मध्येच सोडून दिलं.

एका रविवारी सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले होते. आमच्या वॉचमनची बायको पार्किंगमध्ये झाडत होती. झाडू टेकवून ती हसली.

"अम्मा, तुमारे घर का जोन्नरोट्टे भोत अच्छा रहता. मेरे बच्चे चटनी लगा के खाते."

जोन्नरोट्टे म्हणजे तेलुगूत ज्वारीची भाकरी. मी म्हटलं, "कौनसा रोट्टे?"

"बड़े सार देते ना, रोज दोपहर को. दोनों के दोनों."

"रोज? कब से?"

तिने जरा आठवलं. "पंडग के बाद से."

बड़े सार म्हणजे मामंजी, आणि पंडग म्हणजे संक्रांतीचा सण. आता एप्रिल संपत आला होता. तिला वाटलं मी चिडले, घाईघाईने म्हणाली, "हम नै माँगे अम्मा, सार खुद आ के देते." मी नाही नाही म्हटलं, तिच्या खांद्याला हात लावला, आणि वर आले. तीन मजले चढताना माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. फक्त पायऱ्या दिसत होत्या.

मामंजी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. नवरा अंघोळीला गेला होता. मुलगी गॅलरीत चित्र रंगवत बसली होती. तिची शाळा तीनला सुटे. तीन ते सात ती आणि आजोबा. ती इंग्रजी शाळेतली, मराठी बोलते पण वाचता येत नव्हतं. म्हणून आजोबा तिला रोज दुपारी अंकलिपी घेऊन शिकवत. त्या चार तासांत घरात काय घडतं ते फक्त तिला माहीत होतं, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले.

"आजोबा दुपारी काय जेवतात गं?"

"तुझा सॉस. मी शाळेतून आले की."

"आणि भाकरी?"

तिने खडू बदलला.

"सांग की."

"प्रॉमिस केलंय."

"मी रागावणार नाही. कुणालाच नाही."

तिने आत पाहिलं, मग हळू आवाजात बोलू लागली. "त्यांनी मला सांगितलं की सॉसमध्ये दुधी असतो. भोपळा पण. मी म्हटलं, मग मी आता खाणारच नाही. तर ते म्हणाले, खात जा, आईला बरं वाटतं. तुला कळलंय हे मी आईला सांगणार नाही. पण मग माझं पण तू सांगायचं नाही."

"त्यांचं काय?"

"घास अडकतो त्यांचा. इथे." तिने छातीच्या मधोमध रंगाने माखलेलं बोट ठेवलं. "मग ते उभे राहतात, खिडकीपाशी. कधीकधी बेसिनमध्ये परत येतो. मी पाणी देते. मग थोड्या वेळाने आम्ही वाचायला बसतो."

ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, शाळेत काय झालं ते सांगावं तसं.

मी आत गेले. मामंजींसमोर मोडा ओढून बसले. सून म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर अशी कधी बसले नव्हते. त्यांनी पेपर खाली घेतला.

"मामंजी, भाकरी जात नाही ना?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मग ती घडी पुन्हा अर्ध्यात मोडली. "पोरीला काही बोलू नकोस."

"नाही बोलणार. पण तुम्ही सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "थोरल्या दादाचं असंच झालं होतं. आधी भाकरी गेली. मग भात. मग पेज. शेवटी शेवटी पाणी चमच्याने घालायचो, तेही नाकातून यायचं. मी नोकरीतून रजा घेऊन गावाला जाऊन राहिलो होतो त्याच्यापाशी. मला माहीत आहे हे काय असतं. डॉक्टर फार तर त्याचं नाव सांगेल."

"मामंजी, त्याला आता इलाज आहेत."

"असतील." त्यांनी गळ्याखाली मूठ टेकवली. ही सवय मी कित्येक आठवडे बघत होते, मला वाटायचं पित्त. "तुझं ते लाल सरळ उतरायचं. म्हटलं, ते उतरतंय तोवर चालू द्यावं. पोरीची परीक्षा होऊ द्यावी."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "म्हणून चांगलं म्हणालात?"

दाढेबद्दल ते खोटं बोलले होते, या वेळी बोलले नाहीत.

"चांगलंच होतं. पण भाकरी जात असती तर मी ते मागितलं नसतं."

तेवढ्यात नवरा डोकं पुसत बाहेर आला आणि आम्हा दोघांना असं समोरासमोर बसलेलं पाहून दारातच थांबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन इस्पितळात गेलो. तपासणीची दुर्बीण घशातून आत गेली आणि अर्ध्या वाटेवर अडली. डॉक्टरने आम्हाला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. मी घरातल्या कोणाच्या शरीराच्या आत असं कधी पाहिलं नव्हतं. ओला गुलाबी बोगदा होता, आणि पुढे तो एका बाजूने फुगून जवळजवळ बंद झाला होता. मध्ये काळपट फट, पेन्सिल जाईल एवढी. सॉस त्या फटीतून जात होता. मी जसजसा पातळ करत गेले तसतशी ती फट लहान होत गेली होती, आणि प्रत्येक वेळी पाणी घालून मीच ते झाकत आले होते.

"किती दिवसांपासून त्रास आहे?" डॉक्टरने विचारलं.

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "चार महिने. जास्तच असेल."

डॉक्टरचं पेन कागदावर थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. तंबाखू? तरुणपणी, बरीच वर्षं. सोडून वीस वर्षं झाली. भाऊ? तोही खायचा. एवढं विचारून त्याने पुढच्या तपासण्यांची यादी लिहिली. तो भला माणूस होता. उशीर केलात, असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि त्यामुळेच मला कळलं की उशीर झालाय.

किरणांचे उपचार ठरले. रोज सकाळी नवरा त्यांना रिक्षाने न्यायचा. आहार सांगणाऱ्या बाईंनी कागद दिला. तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही. टमाटा त्यात पहिलाच होता, कारण आतली त्वचा भाजल्यासारखी होते आणि आंबट लागलं की आग उठते. मी मग टमाट्याशिवाय करू लागले. दुधी, भोपळा, गाजर, मुगाची डाळ, सगळं शिजवून, मिक्सरमधून काढून, वर गाळणीतून गाळून. रंग फिकट पिवळा यायचा. पहिल्या दिवशी मामंजींनी दोन चमचे घेतले आणि थांबले.

"हे ते नाही."

"टमाटा बंद आहे ना मामंजी."

"मग याचं नाव दुसरं ठेव," ते म्हणाले, आणि वाटी संपवली. त्यांनी माझ्याशी केलेली ती एकमेव थट्टा. मी हसले, आणि ओट्याकडे तोंड करून बराच वेळ भांडी घासत उभी राहिले.

आधी पूर्ण वाटी जायची. मग अर्धी. तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा घोटसुद्धा परत येऊ लागला, तेव्हा नाकातून नळी घातली. आता मला काही पातळ आहे की दाट, आंबट आहे की गोड, याची काळजी उरली नव्हती. मोठ्या सिरिंजमध्ये भरून हळूहळू ढकलायचं, मागून पाणी सोडायचं. मी ऑफिसला घरून काम मागून घेतलं होतं. मामंजी उशीला टेकून सिरिंजमधली पातळी खाली जाताना बघत राहायचे. त्यांना चव लागत नव्हती, म्हणून ते विचारायचे, "आज काय घातलंस?"

मी सांगायची. "दुधी. भोपळ्याची एक फोड. मूगडाळ. थोडा पालक, तुम्हाला आवडत नाही तरी."

"जिरं?"

"जिऱ्याचं पाणी घातलंय."

ते मान हलवून डोळे मिटायचे. मुलगी शाळेतून आली की पलंगाच्या कडेला बसून अंकलिपीतले शब्द मोठ्याने वाचायची. चुकली की ते बोट वर करायचे. ती पुन्हा वाचायची. आता त्या दोघांमध्ये लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी ती एकदा मला म्हणाली, "मी आधी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, तसं काही नसतं. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात तिला माझं उत्तर पटलेलं दिसत नव्हतं.

उपचारांनी गाठ थोडी आक्रसली, असं जुलैत डॉक्टर म्हणाले. ऑगस्टमध्ये ती यकृतात निघाली. दसऱ्याच्या आधी दहा-बारा दिवस, इस्पितळात, दुपारी तीनच्या सुमारास मामंजी गेले. नवरा खाली रिपोर्ट आणायला गेला होता. मी खोलीत होते. श्वासात मोठं अंतर पडलं, मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले, आणि तो आला नाही.

घरातून माणूस गेलं की शांतता होते असं म्हणतात. आमच्याकडे उलट झालं. जेवायला बसलं की मला सगळं ऐकू येऊ लागलं. चावण्याचा आवाज, गिळण्याचा, ग्लास उचलण्याचा. नवऱ्याने मध्येच पाणी प्यायलं तरी माझा हात ताटात थांबायचा. एकदा त्याला साधा ठसका लागला. मुलगी उठून उभी राहिली आणि खिडकी उघडून आली. त्याने घास खाली ठेवला.

"असं बघू नका माझ्याकडे," तो म्हणाला. "दोघी पण."

मग त्याच जेवणात, ताटाकडे बघत, तो म्हणाला, "तू पातळ करत होतीस. आणि मी रोज समोर बसून तुझं कौतुक करत होतो, की बाबा खायला लागले." त्याने मला दोष दिला नव्हता. स्वतःला दिला होता. पण दोष एकदा ताटात पडला की तो वेगळा काढता येत नाही, तो आम्ही दोघांनी मिळून खाल्ला.

मी त्याच्या मागे लागले. तपासून घे. तो पंचेचाळिशीचा, तंबाखूला कधी शिवला नाही, कसलाही त्रास नाही. त्याने तीन महिने टाळलं. शेवटी मुलीने कॅलेंडरवर एका तारखेला लाल गोल केला आणि त्याखाली मराठीत लिहिलं, "बाबा डॉक्टर." तेव्हा गेला. डॉक्टर तेच. त्यांनी समजावून सांगितलं की हा आजार सहसा वारशाने येत नाही, पण आलाच आहात तर बघू. यावेळी दुर्बीण शेवटपर्यंत गेली. बोगदा उघडा होता. खालच्या टोकाला थोडी लाली होती, तिचा एक कण काढून तपासायला पाठवला. काही वाईट निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आम्लपित्ताची सूज आहे, गोळ्या घ्या, वर्षाने पुन्हा एकदा बघून घेऊ.

ते वर्ष आता भरत आलंय. पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. नवऱ्याने त्या दिवसाची रजा टाकल्याचं मला त्याच्या फोनवर दिसलं. मी त्याला अजून विचारलेलं नाही. आज सकाळी तो भाकरीचा डबा न घेताच ऑफिसला गेला. विसरला असेल.